सहा नंबरचं निसर्गरम्य ठिकाण

पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर एक म्हातारं जोडपं बाकावर पाठमोरं बसलेलं होतं. समोर निळं सरोवर, पलीकडे बर्फाचे डोंगर, दोन्ही बाजूंना देवदार. वर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं, 'सोलापूर परिसरातील ज्येष्ठांसाठी दहा निसर्गरम्य ठिकाणे'. मी सोलापुरात जन्मले, वाढले, इथल्या उन्हात रापले. इथे देवदार कुठे उगवतो ते मला कुणीतरी दाखवावं. उन्हाळ्यात जिथलं डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत येतं, त्या शहराच्या नावाखाली बर्फाचा डोंगर छापणाऱ्या माणसाला थोडी लाज वाटायला हवी होती. पण लाज वाटणाऱ्या माणसाच्या हातून असली पुस्तिका निघतच नाही.

ती घरी आणली आत्याने. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आयुष्यभर विड्या वळल्या, आता बोटं वळत नाहीत म्हणून थांबली, आणि शुक्रवार पेठेत आमच्याकडेच राहते. संध्याकाळी ती देवळाच्या कट्ट्यावर जाते. तिथे एका सरकारी कार्यालयातले दोन-तीन लोक आले, प्रत्येक म्हाताऱ्याच्या हातात एक पुस्तिका आणि एक बिस्किटाचा पुडा दिला, पुस्तिका छातीशी धरायला लावून फोटो काढले आणि गेले. बिस्किटं कट्ट्यावरच संपली.

"वाच की," आत्या म्हणाली. "अक्षर लई बारीक हाय."

ज्येष्ठांसाठीच्या पुस्तिकेचं अक्षर बारीक. इथेच माझं डोकं तापलं. तरी वाचलं. 'निसर्गाच्या कुशीत स्वतःला हरवून बसा.' आत्याला हरवायचीच भीती वाटते, म्हणून तर ती पदराच्या गाठीत आमचा फोन नंबर बांधून फिरते. 'थोडीशी चढण चढताच मन प्रफुल्लित होते.' तीन नंबरच्या ठिकाणाची ही थोडीशी चढण मला माहीत होती. कॉलेजात असताना ती चढताना माझ्या एका मैत्रिणीला उलटी झाली होती. 'पक्ष्यांच्या किलबिलाटात वनभोजनाचा आनंद लुटा.' कुठे बसून लुटायचा, ते नाही. सावली आहे का, ते नाही. रिक्षा कुठपर्यंत जाते, ते नाही. दहा ठिकाणं, वीस पानं, आणि संडास हा शब्द एकदाही नाही.

मी तेव्हा पत्रकं लिहायचे, अजूनही लिहिते. सुरुवात वसतिगृहाच्या पाण्यापासून झाली, मग बसथांब्यावरची सावली, मग बाजारातल्या बायकांसाठी मुताऱ्या. पत्रकाचे नियम मी त्या वयात शिकले ते असे: वाक्य लहान ठेवायचं, दोषी कोण ते पहिल्या ओळीत सांगायचं, आणि 'कदाचित' हा शब्द वापरायचा नाही. त्यामुळे मला वाटायचं की मला सगळं ठामपणे माहीत आहे.

पुस्तिका एरवी मी कपाटाच्या खणात अंथरली असती. पण आत्याने ती समोरच्या अक्कांना दाखवली होती.

अक्का आमच्या समोरच्या घरात राहायच्या. आत्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या. तरुणपणी चादरीच्या कारखान्यात घड्या घालायच्या कामाला होत्या. घरात कानडी, गल्लीत मराठी, रागात दोन्ही. माझ्या जन्माआधीपासून आत्या आणि अक्का रोज संध्याकाळी एकमेकींच्या उंबऱ्यावर बसून भांडत आल्या होत्या. आता त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी अक्कांचा मुलगा त्यांना पुण्याला न्यायला येणार होता. कायमचं. इथलं घर रिकामं करायचं ठरलं होतं. घागरी, पाटा-वरवंटा, लोखंडी पलंग असं एकेक सामान जायलाही लागलं होतं.

"त्याच्या आधी एक दिवस भायेर जाऊ," आत्या म्हणाली. "दिवसभर. डबा घेऊन."

दोघी एवढी वर्षं शेजारी राहिल्या, पण एकत्र कधीच कुठे गेल्या नव्हत्या. लग्नं आणि मयती सोडून. आत्याला विड्यांचा हिशेब पुरा करायचा असायचा, अक्कांना कारखान्याची शिफ्ट. मग गुडघे गेले. आता शेवटचे पंधरा दिवस उरले होते आणि त्यांच्या हातात बर्फाच्या डोंगराची पुस्तिका होती. मला या गोष्टीची चीड आली. एक दिवस, एकच दिवस नीट मिळावा एवढंच त्या दोघींचं मागणं होतं, आणि तो दिवस या थापांवर सोडायचा नाही असं मी ठरवलं.

आधी त्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी मला बसायला सांगितलं, चहा सांगितला, आणि पुस्तिकेवर माझं मत काय असं हसत विचारलं. मी मत सांगितलं. त्यांचं हसू हळूहळू ओसरलं.

"मॅडम," ते शेवटी म्हणाले, "निसर्गात संडास कुठं असतो?"

"निसर्गात पुस्तिका तरी कुठं असते?" मी म्हणाले.

चहा आला नाही. मी उठून आले.

मग मी दहाही ठिकाणं स्वतः पाहायची ठरवलं. स्कूटी काढली, एका वहीत रकाने आखले: बाक, सावली, पिण्याचं पाणी, पायऱ्या, संडास, रिक्षा. आठवडाभर सकाळी फिरले. एक नंबरच्या ठिकाणी एकच बाक होता, तो भर उन्हात, आणि त्याच्यावर एका पुढाऱ्याचं नाव बाकापेक्षा मोठं. दोन नंबरला तळं आटलेलं होतं आणि तळ्यात क्रिकेट चालू होतं. चार नंबरची 'रम्य पायवाट' खडीच्या ट्रकांची होती. पाच नंबर शोधताना मी टेंभुर्णीच्या दिशेने बरीच पुढे गेले. हायवेवरच्या एका चहावाल्याला पुस्तिकेतला फोटो दाखवला. त्याने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "ताई, हे ठिकान हिकडं न्हाय. हे टीव्हीत हाय."

आणि मग सहा नंबर. अक्कलकोटच्या रस्त्याला एका फाट्यावरून आत गेलं की छोटा तलाव, त्याच्या काठाला कुंपण घातलेली बाग. चक्क सावली होती. लिंबाची मोठी झाडं, त्यांच्याभोवती पार बांधलेले. नळाला पाणी. रिक्षा थेट फाटकापर्यंत. आणि कोपऱ्यात संडास, स्वच्छ. मी स्वतः वापरून पाहिला. कडी लागत होती, नळ चालू होता, वरून उजेड येत होता. एवढ्या वर्षांच्या चळवळीत असा संडास मला सरकारी जागेत क्वचित भेटला होता. माझ्या वहीत त्या रकान्यात मी दोनदा बरोबरची खूण केली.

सात ते दहा नंबर पहिल्या पाचांच्याच जातीचे निघाले. दहावं पाहिलं त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. 'दहा ठिकाणं, नऊ थापा.' नऊ ठिकाणांची मी सालटी काढली. शेवटी एक चौकट टाकली: 'दहापैकी एकच ठिकाण ज्येष्ठांसाठी सर्व दृष्टीने योग्य, क्रमांक सहा. बाकी नऊ कार्यालयाने आपल्या साहेबांच्या सहलीसाठी राखून ठेवावीत.' या वाक्यावर मी फार खूश होते. कट्ट्यावर वाटलं, बसस्टँडवर वाटलं, त्या कार्यालयाच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवलं.

जायचा दिवस बुधवार ठरला. तिसरी सोबतीण म्हणून शेवटच्या घरातल्या वहिनी येणार होत्या. त्यांच्या घरी सगळे तेलुगू बोलतात, मागावर चादरी विणतात, आणि वहिनींशिवाय गल्लीतलं कुठलंच काम होत नाही. मंगळवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर तयारी चालू होती. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, शेंगापोळ्या, वहिनींच्या घरची एक जुनी चादर बसायला. अक्का चादरीची घडी घालत होत्या. मग त्यांनी हळूच मला विचारलं,

"खुर्ची घेऊ का गं संगं?"

कुठली खुर्ची ते मला माहीत होतं. साधी प्लॅस्टिकची, हात असलेली, तिच्या बैठकीच्या मधोमध तापल्या सळईने पाडलेलं गोल भोक. म्हातारी माणसं असलेल्या घरोघरी असते. अक्कांच्या परसात ती रोज धुऊन पालथी घातलेली दिसायची. मी लहानपणापासून ती बघत होते, त्यामुळे बघतच नव्हते म्हणा.

"काही गरज नाही," मी म्हणाले. "तिथे संडास आहे. मी बघून आलेय."

"तसं न्हवं..."

"अक्का, हे असंच चालतं. आपण आपली खुर्ची घेऊन जायचं, आपलं पाणी घेऊन जायचं, आपली सावली घेऊन जायचं, आणि हे लोक नुसते फोटो छापणार. सोय करणं त्यांचं काम आहे. आपण खुर्ची नेली म्हणजे त्यांना मोकळं सोडलं."

ओट्यावर मी हे भाषण केलं. समोर तीन बायका. त्यातल्या एकीने काही विचारलं होतं, आणि मी तिला उत्तर न देता धोरण सांगितलं होतं. अक्कांनी मान हलवली. आत्या माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "हिला लई कळतंय." वहिनी हसल्या. मला ते कौतुक वाटलं.

बुधवारी सकाळी गल्लीतले रिक्षावाले चाचा आले. तिघींना आणि डब्यांना घेऊन ते निघाले, मी मागे स्कूटीवर. बागेच्या फाटकाशी पोचलो तर पहारेकरी उठून उभा राहिला आणि त्याने चक्क सलाम केला. त्याच्या टेबलाच्या काचेखाली माझं पत्रक होतं. नऊ थापांचा भाग दुमडून खाली घातलेला, वर फक्त चौकट. 'ज्येष्ठांसाठी सर्व दृष्टीने योग्य.' कार्यालयाने ते इकडे पाठवलं होतं म्हणे. मला खटकलं, पण थोडं बरंही वाटलं, हे कबूल करते.

चाचांना दुसरं भाडं होतं. "चार बजे आतौं अम्मा, तैयार रैना," असं सांगून ते गेले.

पहिला तास फार छान गेला. लिंबाखाली चादर पसरली. आत्याला आणि अक्कांना पारावर टेकवलं. तलावात दोन बगळे होते. अक्का म्हणाल्या, "आमच्या कारखान्यातला मुकादम असाच उभा ऱ्हायचा, एका पायावर, कोन बोलतंय ते बघत." आत्या म्हणाली की तो मुकादम अक्कांवर मरत होता. अक्का म्हणाल्या, तो सगळ्यांवरच मरत होता, त्याला कामच तेवढं. वहिनी हसून हसून चादरीवर आडव्या झाल्या.

मी सगळ्यांना पाणी देत होते. अक्कांनी घेतलं नाही. परत दिलं, परत नाही. थर्मासमधला चहा मात्र वहिनींनी आग्रहाने पाजला, पुण्यात असला चहा मिळणार नाही म्हणून. अक्कांनी अर्धा कप घेतला.

थोड्या वेळाने अक्का उठल्या. आत्याचा हात धरून संडासाकडे गेल्या. लगेच परत आल्या. बसल्या. हसणं थांबलं होतं. वहिनींनी काहीतरी विचारलं, त्यांनी नुसतं हूं केलं.

"काय झालं?" मी आत्याला बाजूला घेऊन विचारलं. "पाणी गेलं का नळाचं?"

"पानी हाय की."

"मग? कुलूप होतं?"

"कुलूप कशाला असंल. उघडाच हाय." आत्याने माझ्याकडे पाहिलं. "दोन पायऱ्या चढून वर जायचं, अन् तितं खाली बसायचं. धरायला काय न्हाय. तिला खाली बसता येतंय व्हय? बसली तर उठवायला चौघं लागत्यात."

"पण संडास आहे की गं."

"हाय की. तुज्या गुडघ्यांसाठी हाय."

वहीतल्या त्या दोन खुणा मला दिसत होत्या. कडी पाहिली होती, नळ पाहिला होता, उजेड पाहिला होता. बसून, उठून, कपडे झटकून बाहेर येऊन खूण केली होती. उठायला लागतं हे मला कळलंच नव्हतं, कारण मला उठायला काहीच लागत नाही. साहेबांनी देवदार छापले, मी माझे गुडघे छापले. साहेबांना निदान आपण खोटं छापतोय हे माहीत असेल.

"काल सांज्यापासून पानी प्यालेली न्हाय ती," आत्या म्हणाली. "तुला खुर्ची इचारली तवाच तिला कळलं हुतं."

"मग बोलली का नाही?"

"तू बोलू दिलंस का?"

अक्का पारावर ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर. मला म्हणाल्या, "काय न्हाय गं. चाचांना बोलव. घरी जाऊ. झालं की फिरून." घड्याळात साडेअकरा वाजले होते. डबे उघडलेही नव्हते. चाचांना फोन लावला, ते कुठल्या तरी पेशंटला घेऊन दवाखान्यात होते, दोनच्या आत येणं शक्य नव्हतं. आणि मला अक्कांचा तो चेहरा दिसत होता. पुण्याला जाताना सोलापूरची शेवटची आठवण म्हणून हा दिवस घेऊन जाणारा.

"खुर्ची आणते," मी म्हणाले, आणि स्कूटीला किक मारली.

त्या रस्त्यावरून मी तेवढ्या वेगात कधी गेले नव्हते आणि पुन्हा जाणार नाही. सामान बांधायला पुण्याहून पुढे आलेल्या अक्कांच्या सुनेने दार उघडलं. घरात खोकी भरलेली. मी खुर्ची मागितली, तिने काही न विचारता परसातून आणून दिली आणि एक मग दिला. सुतळीने खुर्ची स्कूटीच्या मागच्या सीटवर बांधली. पाय वर, बैठक मागे. म्हणजे मागून येणाऱ्या प्रत्येकाला ते भोक सरळ तोंडासमोर.

मोर्चात माईकवरून मी संडास हा शब्द हजार माणसांसमोर ओरडलेले आहे. बायकांच्या मुताऱ्यांवर मी भर चौकात भाषण केलं आहे, आणि तोंडावर हात धरून हसणाऱ्या पुरुषांना तिथल्या तिथे झापलं आहे. आणि त्या दिवशी पहिल्याच सिग्नलला मी ओढणी काढून ते भोक झाकलं. शेजारच्या मोटारसायकलवरच्या माणसाने विचारलं, "ताई, नवं सामान का?" मी म्हणाले, "हो." माझी एवढीच हिंमत. पत्रकाच्या कागदावर माझी हिंमत बरीच मोठी दिसते.

फाटकाशी पोचले तर पहारेकऱ्याने हात आडवा केला.

"खुर्ची आत न्याची न्हाय."

"का?"

"नियम हाय. मागं एकानं वाढदिवसाला टेंपो भरून खुर्च्या आणल्या, झाडं मोडली. तवापासनं फर्निचर बंद."

"ही बसायची खुर्ची नाही." मी ओढणी काढली. त्याने पाहिलं आणि नजर वळवली.

"माझ्या आज्जीची बी अशीच हुती," तो म्हणाला. "पर साहेब मला ठिवनार न्हाईत. आत संडास हाय की. तुमीच लिवलंय हितं." आणि काचेखालच्या चौकटीवर त्याने बोट ठेवलं.

तिथे मी माझं सगळं शस्त्रागार बाहेर काढलं. दिव्यांगांचे हक्क, ज्येष्ठांचे हक्क, कार्यालयाचा निर्लज्जपणा, नियम कुणी केला, कागद दाखवा, साहेबांना फोन लावा. तो मान खाली घालून ऐकत होता. ठिगळ लावलेला गणवेश, पायात स्लीपर. मी ज्याच्यावर तोफ डागत होते त्याच्या हातात काहीच नव्हतं, आणि ज्यांच्या हातात होतं ते चहा न देता कुठेतरी बसले होते. हे मला कळत होतं, तरी तोंड थांबत नव्हतं. साहेबांचा फोन त्याने लावला. कुणी उचलला नाही. परत लावला. मी पुढचा मुद्दा काढला.

आतून तिघी येताना दिसल्या. मधे अक्का, दोन्ही बाजूंना आत्या आणि वहिनी, वहिनींच्या खांद्यावर चादर, मोकळ्या हातात डब्यांची पिशवी. फार हळू चालत होत्या. अक्कांचे ओठ आवळलेले.

आत्याने फाटकाबाहेर येऊन स्कूटीवरची सुतळी सोडायला घेतली.

"आत्या, थांब. दोन मिनिटं. हा आत्ता सोडतो आपल्याला."

"तू भांड बाई निवांत," आत्या म्हणाली. "आमाला घाई हाय."

रस्त्याच्या पलीकडे ज्वारीचं रान होतं. कणसं दाण्यावर आलेली, पुरुषभर उंच. बांधावर एक बाई पाखरं राखत बसली होती. वहिनी सरळ तिच्याकडे गेल्या, दोन शब्द बोलल्या. त्या बाईने अक्कांकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि उठून स्वतःच पुढे झाली. "हिकडं या. हितं वाफा मोकळा हाय. ज्वारीची ताटं सांभाळून." तिने आणि वहिनींनी चादर दोन्ही टोकांना धरून आडोसा केला. आत्या खुर्ची घेऊन आत गेली. मी पाण्याचा मग घेऊन रस्त्यातच उभी. मग धावत जाऊन तो दिला.

आडोशामागून थोड्या वेळाने अक्कांचा आवाज आला, "साकू, साकू. पडदा नीट धरा, वारं लागतंय." पुरे, पुरे, म्हणत होत्या, आणि आवाज पुन्हा सकाळचा झाला होता. चादर धरलेल्या दोघी हसायला लागल्या. चादरीवरचे मोर हलत होते.

त्यानंतर बागेत परत कोण जाणार. राखणदार बाईने बांधावरच्या बाभळीखाली कडबा टाकून दिला. खुर्ची धुऊन तिथेच उन्हात पालथी घातली. डबे उघडले. त्या बाईने शेणकूट पेटवून कणसं भाजली, हातावर चोळून गरम हुरडा पुढे केला. अक्कांनी तो शेंगाच्या चटणीशी खाल्ला आणि तांब्याभर पाणी प्यायल्या, न थांबता. मग परत तांब्या पुढे केला. तोंड पुसून मला म्हणाल्या, "आता खुर्ची हाय. आता कशाला भ्यायचं."

तिथून तलाव दिसत नव्हता. दिसत होती फक्त बागेची बाहेरची भिंत. तिच्यावर कार्यालयाने तलाव रंगवलेला होता, निळाशार, त्यात चार हंस. आत दोन बगळे खरे असताना बाहेर हंस रंगवायची बुद्धी कुणाला होते, यावर मला बरंच काही म्हणायचं होतं. मी वही काढली. संडास, पायऱ्या, धरायला दांडी नाही, खुर्चीला बंदी, हंस. लिहीत होते.

"ते ठिव आता," आत्या म्हणाली.

"नाही गं, विसरेन मी. परवा पत्रक काढायचंय. आधीच्यातली चूक पण छापायची आहे."

"छाप की. उद्या छाप." तिने वही ओढून डब्याखाली ठेवली. डबा दह्याचा होता. वहीवर डाग पडला, तो अजून आहे.

मग मी नुसती बसले. मला ते जमत नाही. मी बसते तेव्हा पुढचं काहीतरी ठरवत असते. त्या दोघी मात्र काही ठरवत नव्हत्या. आत्या म्हणत होती की कारखान्यात अक्कांना नोकरी तिच्या ओळखीने लागली. अक्का म्हणत होत्या, साफ खोटं, आत्याची ओळख फक्त तंबाखूवाल्याशी. वहिनी पंच झाल्या होत्या आणि दोन्ही बाजूंनी निकाल देत होत्या. राखणदार बाई मधूनच उठून गोफण फिरवायची, पाखरं उडायची, ती परत येऊन विचारायची, "मग काय झालं?" जणू तीही आमच्याच गल्लीतली. पुण्याचा विषय कुणी काढला नाही. एकदा वहिनींच्या तोंडून रविवार एवढाच शब्द आला आणि त्यांनी लगेच शेंगापोळी पुढे केली.

मी पत्रकात काय लिहिणार होते? की ज्येष्ठांसाठी योग्य ठिकाण म्हणजे बांध, बाभूळ, भोक पाडलेली खुर्ची आणि ओळख नसलेली एक बाई? ते कार्यालयाने उद्या पुस्तिकेत घातलं असतं, अकरा नंबर म्हणून, आणि स्वतःची पाठ थोपटली असती. त्या बाईने आडोसा केला म्हणून दांडी बसवायचं काम कुणाचं टळत नाही. हे मी आजही तितक्याच जोरात म्हणते. पण त्या दिवशी अक्कांना दांडीपेक्षा लवकर खुर्ची हवी होती, आणि ती मी माझ्या तत्त्वासाठी घरी ठेवायला लावली होती. पुढे ते पत्रक मी काढलं. त्यात पहिल्या ओळीत दोषी म्हणून माझं नाव आहे, दुसऱ्या ओळीत त्यांचं. बागेतल्या संडासात अजून दांडी नाही. मी पाठ सोडलेली नाही.

चाचा चारला आले. फाटकाशी शोधलं, पहारेकऱ्याने इकडे बोट दाखवलं. ते रस्ता ओलांडून बांधावर आले. पालथ्या खुर्चीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही.

"चलो अम्मा, चार बज गये."

आत्याने डबे गोळा करायला हात पुढे केला. अक्का हलल्या नाहीत. पाय पसरून, बाभळीच्या बुंध्याला टेकून बसल्या होत्या, पदर डोक्यावरून घसरलेला. वाफ्यात ऊन पिवळं झालं होतं. राखणदार बाईने आणखी दोन कणसं विस्तवावर टाकली होती.

"चाचा," अक्का म्हणाल्या, "बसा की जरा. हुरडा खावा."

"देर होती ना अम्मा. फिर गर्दी में फसते."

अक्कांनी कडब्यावर आपल्या बाजूची जागा हाताने झाडून साफ केली.

"तुमाला कुटं पुण्याला जायचंय," त्या म्हणाल्या. "बसा."

चाचांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने हातातला डबा परत खाली ठेवला. मग त्यांनी बांधाच्या कडेला चपला काढल्या आणि बसले.